कमोडोर 64 वर पहिलं पेटस्की चित्र कसं काढायचं

कमोडोर 64 या जुन्या घरगुती संगणकाचा कीबोर्ड जवळून पाहिला की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. अक्षरांच्या बटणांच्या पुढच्या उभ्या कडेवर, म्हणजे बसणाऱ्याकडे तोंड असलेल्या बाजूवर, प्रत्येकी दोन छोटी चिन्हं छापलेली असतात. ए, एस, झेड आणि एक्स ही चार बटणं घ्या. त्यांच्या उजव्या चिन्हांत पत्त्यांचे चार रंग आहेत: इस्पिक, बदाम, चौकट, किलवर. डाव्या चिन्हांत चौकोनाचे चार कोपरे आहेत, आणि ते बटणांच्या जागेप्रमाणेच बसवलेले आहेत: वरचे दोन कोपरे ए आणि एस वर, खालचे दोन झेड आणि एक्स वर. यू, आय, जे, के वर असेच चार गोलसर कोपरे आहेत. चारही जोडले की छोटं वर्तुळ होतं. या चिन्हांनी काढलेल्या चित्राला पेटस्की म्हणतात. ते काढायला ब्रश, माउस, वेगळं सॉफ्टवेअर यांतलं काहीच लागत नाही. मशीन चालू करायचं आणि टाइप करायला लागायचं.

नाव आलं ते 1977 च्या कमोडोर पेट या मशीनवरून. पेटला एकेक ठिपका रंगवून चित्र काढण्याची सोयच नव्हती, स्क्रीनवर फक्त अक्षरं उमटायची. म्हणून अक्षरांच्या संचातच रेघा, कोपरे, ठोकळे, गोल, तिरके त्रिकोण भरले गेले. हा संच घडवण्यात कमोडोरचे प्रमुख जॅक ट्रॅमिएल यांचा मुलगा लिओनार्ड ट्रॅमिएल याचा मोठा वाटा होता. 1982 मध्ये कमोडोर 64 आला तेव्हा हाच संच 16 रंगांसह घरोघरी पोचला. 64 वर ठिपक्यांची चित्रं काढता येत होती, तरीही लोक अक्षरांनी चित्रं काढत राहिले आणि आजही काढतात.

आपल्याकडे हे मशीन फार कमी घरांत होतं. 1984 मध्ये शाळांत संगणक शिकवण्यासाठी सुरू झालेल्या क्लास प्रकल्पातून आलेला बीबीसी मायक्रो हा संगणक मात्र काही वाचकांना आठवत असेल. त्याचा सातवा मोड, म्हणजे स्क्रीनच्या मांडणीचा एक प्रकार, हाही 40 रकाने आणि 25 ओळींचा, पण त्यात रंग बदलायच्या प्रत्येक खुणेला एक घर, म्हणजे एका अक्षराची जागा, खर्ची पडतं. सुरुवात करायला मला कमोडोरच सोपा वाटतो, कारण सगळा संच बोटांखालीच असतो.

मशीन नसेल तर

व्हाइस नावाचा एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम, मोफत मिळतो आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. तो सुरू केला की निळी स्क्रीन येते, 38911 बाइट मोकळे असल्याची ओळ येते, त्याखाली रेडी आणि लुकलुकणारा कर्सर. कमोडोरच्या कीबोर्डवरची काही बटणं आपल्या कीबोर्डवर नसतात. व्हाइसमध्ये साधारणपणे डावं कंट्रोल दाबलं की कमोडोर बटण दाबल्यासारखं होतं, टॅब हे तिथलं कंट्रोल, एस्केप हे रन-स्टॉप आणि पेज-अप हे रिस्टोर. पौंडाच्या चिन्हाचं बटण कुठे नेमलं आहे तेवढं सेटिंगमध्ये आधीच पाहून ठेवा, ते पुढे लागणार आहे. कीबोर्डचा पोझिशनल पर्याय निवडा. मग बटणं मूळ मशीनवर जिथे होती तिथेच मिळतात आणि वर सांगितलेले कोपऱ्यांचे गट बोटांच्या लक्षात राहतात.

बटणांची ओळख

शिफ्ट धरून अक्षर दाबलं की उजवं चिन्ह उमटतं. डाव्या कोपऱ्यातलं कमोडोर बटण धरून अक्षर दाबलं की डावं चिन्ह. कंट्रोल आणि 9 दाबलं की उलटा छाप सुरू होतो, म्हणजे चिन्हाचा भरलेला भाग रिकामा होतो आणि रिकामा भाग भरतो. कंट्रोल आणि 0 ने तो बंद होतो. उलट्या छापात स्पेसबार दाबला की भरीव ठोकळा मिळतो. हा ठोकळा तुम्ही सगळ्यात जास्त वापराल.

कंट्रोल धरून 1 ते 8 दाबलं की क्रमाने काळा, पांढरा, लाल, आकाशी, जांभळा, हिरवा, निळा, पिवळा. कमोडोर बटण धरून 1 ते 8 दाबलं की नारिंगी, तपकिरी, फिका लाल, गडद राखाडी, मधला राखाडी, फिका हिरवा, फिका निळा, फिका राखाडी. शिफ्ट आणि क्लिअर-होम ने स्क्रीन साफ होते.

आता लगेच चित्र काढू नका. सगळी अक्षरं एकदा शिफ्टसह, एकदा कमोडोर बटणासह आणि मग दोन्ही उलट्या छापात टाइप करून पाहा. संचात 256 आकार आहेत, त्यांतले निम्मे उरलेल्या निम्म्यांचे उलटे छाप. के च्या डाव्या चिन्हात अर्धं घर उभं भरलेलं आहे, आय च्या डाव्या चिन्हात खालचं अर्धं. आजूबाजूच्या बटणांवर याहून पातळ पट्ट्या मिळतात. अधिक चिन्हाच्या बटणावर कमोडोर धरून दाबलं की बुद्धिबळाच्या पटासारखी जाळी येते. एन आणि एम वर शिफ्टसह दोन तिरक्या रेघा आहेत. कुठलं चिन्ह घराच्या कडेला टेकतं आणि कुठलं मध्येच संपतं, ते नीट बघा. दोन शेजारची घरं जुळतात की त्यांच्यात फट दिसते, हे त्यावरच ठरतं.

टाइप करताना चार गोष्टी नवख्याला हमखास छळतात.

रिटर्न दाबलं की मशीनला वाटतं तुम्ही आज्ञा दिली. ते चित्राच्या खाली सिंटॅक्स एररची ओळ छापतं आणि तिथलं काम पुसलं जातं. त्याऐवजी शिफ्ट धरून रिटर्न दाबा, कर्सर गुपचूप पुढच्या ओळीवर जातो. उलटा छाप चालू असेल तर तो मात्र यामुळे बंद होतो.

दुहेरी अवतरणचिन्ह टाइप केलं की कर्सरची बटणं कर्सर हलवायच्या ऐवजी विचित्र चिन्हं छापू लागतात. तेव्हाही शिफ्ट आणि रिटर्न दाबून बाहेर पडा.

अगदी शेवटच्या, चाळिसाव्या रकान्यात टाइप केलं तर खालच्या ओळी एक जागा खाली ढकलल्या जाऊ शकतात. आणि पंचविसाव्या ओळीच्या खाली कर्सर नेला तर सगळं चित्र वर सरकून पहिली ओळ कायमची जाते. म्हणून कीबोर्डवरून काढताना उजवा रकाना आणि तळाची ओळ मोकळी सोडा.

घरांत विचार करायचा

स्क्रीनवर 40 गुणिले 25, म्हणजे 1000 घरं आहेत. प्रत्येक घर 8 ठिपके रुंद, 8 ठिपके उंच. सुरुवातीला बहुतेकजण एखादा फोटो समोर ठेवतात आणि तो या घरांत कोंबायला बघतात. फोटोचं आपोआप पेटस्की करून देणारे प्रोग्रॅमही आहेत, पण त्यांतून निघतो तो बहुतेक वेळा नुसता चिन्हांचा गाळ असतो; कुठलंही चिन्ह तिथे का आहे ते कळत नाही. उलट वाटेने जा. संचात कोणते आकार आहेत ते पाहा आणि त्यांत आधीपासून काय दडलंय ते शोधा.

तिरक्या त्रिकोणांचंच बघा. शिफ्ट आणि पौंड दाबलं की घराचा वरचा डावा अर्धा भाग भरलेला त्रिकोण येतो. कमोडोर आणि तारका दाबलं की वरचा उजवा. या दोघांचे उलटे छाप घेतले की खालचे दोन त्रिकोणही मिळतात. आता वरच्या ओळीत कमोडोर-तारका आणि त्याशेजारी शिफ्ट-पौंड टाइप करा. टोक खाली असलेला एक मोठा त्रिकोण तयार होतो. त्याच्या बरोबर खाली, उलट्या छापात, तीच दोन बटणं उलट्या क्रमाने. टोक वर असलेला त्रिकोण. दोन्ही टोकं मध्ये एकमेकांना टेकतात.

पालघर-डहाणू भागातली वारली चित्रं पाहिलेल्या कोणालाही पुढचं सांगावं लागणार नाही. चार घरांत माणसाचं धड तयार झालं. वारली भिंतीवर गेरूच्या लाल-तपकिरी अंगावर तांदळाच्या पिठाने पांढरं काढतात. कमोडोरच्या 16 रंगांत तपकिरी आहे आणि पांढरा आहे. म्हणून पहिलं चित्र वारली नर्तकाचं करू.

धड दोन घरं रुंद आहे आणि डोक्याचा गोल, म्हणजे शिफ्ट आणि क्यू चं चिन्ह, एकाच घराचा. तो बरोबर मध्यावर येऊच शकत नाही, डाव्या घरावर बसेल किंवा उजव्या. अर्धी घरं जोडून चौकोनी डोकं मध्यावर आणता येतं, पण ते करू नका. गोल डाव्या घरावर ठेवा आणि उजवा हात वर, डावा हात खाली काढा. लगेच तो माणूस कंबरेतून झुकून नाचायला लागतो. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांची चित्रं पाहिलीत तर कळेल की वारली माणसात जीव येतो तो याच झुकण्यातून. इथे घरांच्या अडचणीनेच ते झुकणं आपल्याला दिलं.

```
 ● ╱
╱◥◤
 ◢◣
 ╱╲
```

दोन्ही हातांना एकच तिरकी रेघ वापरली आहे, शिफ्ट आणि एन ची. वर उचललेल्या हाताची रेघ खांद्याच्या कोपऱ्यापासून सुरू होते आणि खाली सोडलेल्या हाताचीही. म्हणून हात आणि खांदे मिळून एकसंध दिसतात.

मेमरीत थेट लिहून

कीबोर्डवरून काढलेलं चित्र मशीन बंद केलं की गेलं. शिवाय शेवटचा रकाना आणि तळाची ओळ कीबोर्डवरून धड भरता येत नाही. त्यासाठी पोक ही, मेमरीतल्या एखाद्या पत्त्यावर थेट आकडा लिहिणारी आज्ञा शिका.

स्क्रीनच्या पहिल्या घराचा पत्ता 1024 आहे, शेवटच्याचा 2023. ओळी आणि रकाने शून्यापासून मोजायचे. ओळीला 40 ने गुणून त्यात रकाना आणि 1024 मिळवले की कुठल्याही घराचा पत्ता मिळतो. त्या पत्त्यावर चिन्हाचा क्रमांक लिहायचा. प्रत्येक घराच्या रंगाची जागा वेगळी आहे, घराच्या पत्त्यात 54272 मिळवले की ती सापडते. बाहेरच्या चौकटीचा रंग 53280 वर आणि पार्श्वभूमीचा 53281 वर. रंगांचे क्रमांक 0 ते 15, काळ्यापासून फिक्या राखाडीपर्यंत, वर बटणांसाठी दिलेल्या क्रमानेच.

आपला नर्तक स्क्रीनच्या मध्यावर उभा करणारा, मशीनच्या बेसिक या भाषेतला प्रोग्रॅम असा. आज्ञा इथे देवनागरीत आहेत. मशीनवर त्यांचं इंग्रजी स्पेलिंग टाइप करायचं, उदाहरणार्थ पोक म्हणजे पी-ओ-के-ई. सीएचआर, आय, ए आणि सी ही तशीच इंग्रजी अक्षरं आहेत.

```
10 पोक 53280,9 : पोक 53281,9
20 प्रिंट सीएचआर$(147)
30 फॉर आय=1 टू 9 : रीड ए,सी
40 पोक ए,सी : पोक ए+54272,1 : नेक्स्ट
50 गोटो 50
60 डेटा 1483,81,1485,78,1522,78
70 डेटा 1523,95,1524,105
80 डेटा 1563,233,1564,223,1603,78,1604,77
```

प्रत्येक ओळीनंतर साधं रिटर्न, शेवटी रन. विसावी ओळ स्क्रीन साफ करते. पन्नासावी ओळ तिथेच फिरत राहते, नाहीतर प्रोग्रॅम संपल्यावर रेडी हा शब्द चित्रात येऊन बसला असता. बाहेर पडायला रन-स्टॉप. डेटामध्ये जोड्या आहेत: आधी पत्ता, मग चिन्ह. 81 म्हणजे डोकं, 78 आणि 77 या तिरक्या रेघा, 95 आणि 105 हे वरचे त्रिकोण. 233 आणि 223 हे त्यांचेच उलटे छाप. मूळ क्रमांकात 128 मिळवले की उलटा छाप मिळतो.

हे चाललं की दुसरा नर्तक काढा, पहिल्याचं आरशातलं रूप: डोकं उजव्या घरावर, डावा हात वर, उजवा खाली, आणि दोन्ही हातांना 78 ऐवजी 77. त्याचं धड पहिल्यापासून चार रकाने उजवीकडे सुरू करा. पहिल्याचा उचललेला हात 1485 वर आहे आणि दुसऱ्याचा 1486 वर येतो. दोघांचे हात वर एकमेकांना भिडतात. तिसरा पुन्हा पहिल्यासारखा, आणखी चार रकाने पुढे. आता दुसऱ्याचा आणि तिसऱ्याचा खाली सोडलेला हात खाली भिडतो. प्रत्येकाला चार रकाने लागतात, म्हणजे 40 रकान्यांत बरोबर दहा नर्तक हातात हात घालून बसतात, एकही घर वाया न जाता. पूर्ण ओळ हवी असेल तर पहिल्याचं धड रकाना 1 पासून धरा.

रंगाचा एकच मोठा नियम

प्रत्येक घराला स्वतःचा एक रंग मिळतो. पार्श्वभूमी मात्र सगळ्या 1000 घरांची एकच. म्हणजे एका घरात लाल आणि पिवळा शेजारी बसूच शकत नाहीत, जोवर त्यांतला एक पार्श्वभूमीचा रंग नाही. वारली चित्रात हा प्रश्न येत नाही. आंबा आणि त्याचं पान काढायला बसलात की लगेच येतो.

यातून वाट अशी काढतात: चित्रात सगळ्यात जास्त कडांना लागणारा रंग पार्श्वभूमीसाठी ठेवायचा. काळा ठेवला तर दोन रंगांच्या मध्ये काळी रेघ आपोआप येते, म्हणून पहिल्या काही चित्रांना तो ठीक. पण प्रत्येक वेळी काळाच घेऊ नका. संध्याकाळचं आकाश असेल तर जांभळा किंवा निळा पार्श्वभूमीला घ्या. आकाशाला टेकणारी प्रत्येक कड मग त्रिकोणांनी आणि अर्ध्या ठोकळ्यांनी हवी तशी तासता येते.

सावली-उजेडासाठी रंग कोणता यापेक्षा तो किती उजळ हे महत्त्वाचं. काळ्यापासून वर चढत गेलं तर उजळपणाच्या जोड्या अशा आहेत: निळा आणि तपकिरी, लाल आणि गडद राखाडी, जांभळा आणि नारिंगी, मधला राखाडी आणि फिका निळा, हिरवा आणि फिका लाल, आकाशी आणि फिका राखाडी, पिवळा आणि फिका हिरवा, मग पांढरा. ही ओळ कागदावर लिहून मॉनिटरशेजारी चिकटवा. एकाच जोडीतले दोन रंग शेजारी ठेवले तर कड विरघळल्यासारखी दिसते. ते कधी हवं असतं, कधी नको. तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, पांढरा अशी उबदार चढण मातीच्या भिंती, दिवे, चेहरे यांना चालते. पाण्याला निळा, फिका निळा, आकाशी, पांढरा. जाळीचं चिन्ह वापरलं की घराचा रंग आणि पार्श्वभूमी यांच्यामधली छटा मिळते, पण चित्रभर जाळी पसरली की सगळं मळकट होतं.

देवनागरी नाव लिहायचं असेल तर

संचात देवनागरी अक्षरं नाहीत. पण घराचा पाव भाग भरलेले चार ठोकळे आहेत, अर्धे आहेत आणि त्यांचे उलटे छाप आहेत. ते सगळे मिळून एका घराच्या चार पाव भागांची प्रत्येक शक्य मांडणी देतात, एकूण 16. म्हणजे स्क्रीनला 80 गुणिले 50 जाड ठिपक्यांची पाटी समजता येते, आणि त्यावर देवनागरी छान बसते. शिरोरेषा आधी ओढा, वरच्या अर्ध्या ठोकळ्यांच्या एका सलग ओळीने. मग काने, मग पोट, वेलांट्या शेवटी. पण वेलांटी आणि मात्रेसाठी शिरोरेषेच्या वर निदान दोन घरांच्या ओळी सोडायला विसरू नका. आलेख कागदावर आधी काढलंत तर हे लगेच दिसेल.

एडिटर कधी घ्यायचा

बटणं हाताला बसली की मोठ्या चित्रांसाठी पेटमेट हा मोफत एडिटर घ्या. त्यात सगळा संच बाजूला मांडलेला असतो, माउसने चिन्ह उचलून घरात ठेवता येतं, केलेलं मागे घेता येतं. वरच्या चार अडचणींपैकी एकही तिथे येत नाही. मग सुरुवातच तिथून का नको? कारण तिथे सगळी चिन्हं एकसारख्या अंतरावर असतात. कोणती चार एकत्र येऊन वर्तुळ करतात, कोणती दोन एकमेकांची जोड आहेत, हे मशीनचा कीबोर्ड बोटांना शिकवतो, एडिटर शिकवत नाही.

इतरांची चित्रं सीएसडीबी या कमोडोर 64 वरच्या कामांच्या ऑनलाइन संग्रहात पाहायला मिळतात. बघताना एखादा छोटा भाग निवडा, एक डोळा, एक चाक, एक पान, आणि त्यातलं प्रत्येक घर कोणत्या चिन्हाचं आहे ते ओळखून कागदावर उतरवा.

चित्र दाखवताना

संचाचे दोन प्रकार आहेत. शिफ्ट आणि कमोडोर एकत्र दाबलं की संपूर्ण स्क्रीन दुसऱ्या प्रकारात जाते आणि शिफ्टने काढलेली बरीच चिन्हं कॅपिटल अक्षरं होऊन बसतात. चित्राच्या जागी अचानक अक्षरं दिसली तर घाबरू नका, तीच दोन बटणं पुन्हा दाबा.

बेसिकमधला प्रोग्रॅम सेव्ह करून ठेवा. पेटमेटमध्ये काढलं असेल तर त्याच्या स्वतःच्या फाइलबरोबर पीआरजी, म्हणजे कमोडोरच्या प्रोग्रॅमची फाइलही काढा. ती कुठल्याही एम्युलेटरमध्ये आणि खऱ्या मशीनवर चालते. फोनवर पाठवायला पीएनजी काढा, बाहेरची चौकट त्यात येऊ द्या, आणि चित्र मोठं करायचं असेल तर दुप्पट, तिप्पट असं पूर्ण पटीतच करा; दीडपट केलं की ठिपके लहानमोठे होतात आणि तिरक्या रेघा तुटतात.